बुटकं रोप का वाढलं?

छत्रपती संभाजीनगर, मंगळवार, दिवेलागण

सुट्टीत लॅब बंद, म्हणून टोमॅटोची रोपं घरच्या गच्चीत आणली होती. त्यातलं ते बुटकं रोप वाढलंय! वाढायला नको होतं. मी रोपांवर फवारते ते झाडांतलं स्टेरॉइड हार्मोन आपल्या शरीरातल्यासारखं पेशीत घुसून काम करत नाही. पेशीच्या आवरणावर एक प्रथिन असतं, ते त्याला बाहेरच धरतं आणि वाढीचा निरोप आत पोचवतं. बुटक्यात ते प्रथिनच बिघडलेलं आहे. मग मी फवारलेलं हार्मोन धरलं कुणी? की प्रथिन थोडंफार चालतंय? माझी सगळी पीएचडी याच्यावर उभी आहे.

रोपांना पाणी घालतात आबा. त्यांना विचारलं.

"लई खुजं दिसत व्हतं गं. फुलंब्रीहून आणलेलं टॉनिक दिलं, झाकणभर."

"सगळ्यांना?"

"नाय, त्या एकट्यालाच."

टॉनिकात दुसरंच हार्मोन असेल, त्याची वाट वेगळी, त्याला हे प्रथिन लागतच नाही. किंवा नसेलही. बाटलीवर काही धड लिहिलेलं नाही. बुटकं कशानं वाढलं, आता कसं कळणार? चिडायचं होतं, तेही जमलं नाही.

मघाशी आबा दारात आले, खुशीत. "वाढतंय ना? मग अजून एक झाकण देऊ का?"

मला नाही म्हणताच येईना.