एक 'ता' गळाला आणि हे वारले

ती. ताई,

नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याची विचारपूस करते, कारण तो तुमच्या घरातला सगळ्यात मानी सभासद आहे आणि त्याला आधी विचारलं नाही तर तो पुढच्या जिन्यावर सूड उगवतो. मलम लावता का? (लावत नसाल. मलम कपाटात आणि दुखणं पायात, ही तुमच्या माहेरची रीत मी लग्नापासून पाहते आहे.) इकडे सगळं बरं आहे. हे ठणठणीत आहेत. हे वाक्य मुद्दाम सुटं लिहिलं, कारण हल्ली त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

झालं असं. इतकी वर्षं वर्तमानपत्रात लोकांचे वाभाडे काढून मी नाव कमावलं, पण वाचकाचं पत्र म्हणाल तर एकच आलं, तेही एका दातांच्या डॉक्टरांचं, आणि त्यात त्यांनी वकिलाचा पत्ता दिला होता. म्हणून म्हटलं, जन्मात एकदा तरी कोणालाही न बोचकारता काही लिहावं. तर ही कादंबरी. बाईचा नवरा जातो, ती कोलमडते, हळूहळू सावरते आणि शेवटी खिडकी उघडून चहा पिते. प्रकाशकांनी मागच्या बाजूला 'जगायला शिकवणारी कादंबरी' असं छापलं. (ज्या बाईला अजून गॅसचा रेग्युलेटर बसवता येत नाही, तिची.) अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, 'ह्यांना, जे नेहमी शेजारच्या खोलीत असतात.' छापखान्यात त्यातला 'ता' गळाला. 'जे नेहमी शेजारच्या खोलीत असत.' बास. एका अक्षरात तुमचे बंधुराज निवर्तले.

मग पत्रं सुरू झाली. एका बाईंनी लिहिलं, तुमचं पुस्तक वाचून मी नवऱ्याला माफ केलं. आठवड्यानं त्यांचंच दुसरं पत्र, की माफी परत घेतली आहे, पण पुस्तक चांगलंच आहे. एका मास्तरांनी शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या आणि खाली लिहिलं, जिथे रडलो त्या ओळीत एक अनुस्वार जास्त आहे. आणि शेवटी प्रत्येकाचं एकच, बाई, धीर धरा. दूधवालीनं तर न विचारता लिटरची अर्ध्या लिटरची पिशवी केली, एकट्या जिवाला कशाला लागतंय म्हणून. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, की तुमचा चहा बंद झाला आहे, कारण तुम्ही नाही आहात.

हे आधी चिडले. मग पत्रं वाचायला लागले, आणि मग जास्तच चिडले. कारण पुस्तकातला नवरा सकाळी उठून बायकोला चहा करून देतो, आणि 'मी तेव्हाच म्हणालो होतो' हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघत नाही. वाचक त्याच्यावर जीव टाकतात. हे म्हणाले, "चष्म्याचं दुकान माझं दिलंस, स्वभाव कोणाचा दिलास?" मी म्हटलं, शोधून आणला. दोन दिवस घरात शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उशाशी चहा. (बिनसाखरेचा. पण मेलेल्या माणसाशी स्पर्धा म्हणजे सोपं नव्हे, मी पिऊन टाकला.)

इथवर गंमत होती. पुढे खाली दुकानात एक कंडक्टर आले. बसचे, निवृत्त. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. वाचताना अक्षर पुसट दिसतं म्हणून चष्मा करायला आले होते, आणि काखेत माझं पुस्तक. ह्यांनी त्यांना तपासायच्या खुर्चीत बसवलं, तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ते इथेच बसायचे ना?" हे म्हणाले, इथेच. "तुम्ही ओळखत होता त्यांना?" हे म्हणाले, "जवळून."

मी कपाळावर हात मारला. हे म्हणतात, त्या माणसाच्या डोळ्याला आधीच पाणी, त्यात मी म्हणू काय, की मीच तो? त्या दिवसापासून कंडक्टर रोज संध्याकाळी येऊन बसतात. बायकोचं बोलतात. ती गेल्यापासून त्यांनी घरात चूल पेटवली नव्हती. आता दोन भांडी चढवतात, म्हणतात, बाईंनी एवढं सोसलं तर मलाही जमेल. दुकान लवकर बंद करून हे त्यांना फिरायला नेतात. ताई, ज्या माणसानं संसारात माझं एक वाक्य पूर्णविरामापर्यंत ऐकलं नाही, तो दुसऱ्याच्या बायकोच्या आठवणी तासभर ऐकतो आणि घरी येऊन मला सांगतो. तर आता पंचाईत अशी, की त्या भल्या माणसाचं सगळं बळ माझ्या वैधव्यावर उभं. खरं सांगावं तर तो पुन्हा खचणार, आणि न सांगावं तर उघडं पडल्यावर दोघांवरून विश्वास उडणार. त्यात त्यांनी निरोप धाडला, रविवारी वर येऊन बाईंना भेटतो. हे म्हणाले, मी मागच्या खोलीत बसेन. मी म्हटलं, मेलात तेवढं पुरे.

आणि मीच खाली गेले. सांगून टाकलं, हा माझा नवरा, हा छापखान्याचा प्रताप. कंडक्टरांनी नवा चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमचं काहीच गेलेलं नाही." नाही म्हटलं. "मग तुम्हाला हे सगळं कळलं कसं?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. एका दुपारी हे तापानं पडले होते, मी इकडे लिहीत बसले होते. शेजारच्या खोलीतून सारखा खोकला येत होता. आणि एकदम थांबला. उठून बघायचा धीर होईना. पेन हातात धरून बसून राहिले, आणि तेवढ्या वेळात आख्खी कादंबरी होऊन गेली. मग ह्यांनी पाणी मागितलं.

कंडक्टरांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "चला, एकाचं तरी माणूस परत आलं." आणि ह्यांच्याकडे वळून, "आणि तुम्ही हो, स्वतःच्या मरणावर माना डोलवत बसलात? उठा, फिरायला उशीर होतोय." गेले दोघं. अजून जातात. परवा कंडक्टरांनी घरून डबा आणला होता. मीठ जास्त होतं, मी काही बोलले नाही. (माझ्या स्वभावाचं तुम्हीही कौतुक करा.)

एवढंच. गुडघ्याला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. परक्यांचे एवढे अभिप्राय आले, तुमचा नाही. पुस्तक पोचल्यापासून तुमचा फोनही नाही. मला कळतं. इतरांसाठी मी एक पात्र मारलं. तुमचा मात्र भाऊच मारला, तोही न विचारता. मला काय बोलायचं ते बोला, पण ह्यांच्याशी बोला. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतात आणि विचारलं तर घड्याळ बघायला म्हणतात. आणि पुस्तकातली खाष्ट नणंद तुम्ही नाही, शपथ. (ती माझी धाकटी जाऊ आहे. तिला कळवू नका.)

ता. क. दुसरा. खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत. मी वाचणार नाही, पाकीट तेच चिकटवणार आहेत.

ताई, मी आहे. पत्रातलं सगळं खरं, फक्त खोकल्याचं तेवढं नाही. हिनं लपवलेला बिस्किटांचा डबा त्या दुपारी मला सापडला होता. तोंड भरलेलं असताना खोकता येत नाही. आता इतक्या लोकांना त्यातून धीर आलाय, हिला सांगू कसा? तूही सांगू नकोस. सकाळी फोन कर, मीच उचलेन.