गोळी आणि मेथीची जुडी

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप सावळीराममामा,

ललितचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मी बरा आहे. तुमचं बीपी कसं आहे? (रीत म्हणून विचारत नाही. कारण खाली येईल.)

परवा तुम्ही खोलीवर आलात, तेव्हा मी पट्टीतली गोळी काढून खिशात ठेवताना तुम्ही विचारलंत, "भाच्या, ही कशाची?" मी म्हणालो, लक्ष लागावं म्हणून. "म्हंजी माणूस एका जागी बसतो?" मी घाईत हो म्हणालो. उरलेलं उत्तर आता लिहितो.

माझं लक्ष लहानपणापासून टिकत नाही (दहावी त्यातच राहिली). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आळस नाही, एडीएचडी नावाचा आजार आहे, आणि त्यावर गोळी आहे. पहिल्या दिवशी मी गोळी घेतली आणि अंबडच्या कंपनीत माल तपासायच्या कामावर निघेपर्यंत सहज मामींनी पाठवलेली मेथी निवडायला घेतली. तेवढ्यात गोळी लागू झाली. आपली मेथी संपल्यावर मी शेजारच्या सरुबाईंची निवडली (त्यांनी सांगितलं नव्हतं), मग त्यांचा लसूण सोलला. काम स्वच्छ झालं, पण कंपनीतली पाळी बुडाली. सुपरवायझर मनोजसाहेबांना मी खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून लसूण इकडेच घेऊन ये."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी फक्त लक्ष देते, ते कुठे लावायचं ते तुम्ही बघा. तेव्हापासून मी नाश्ता करून कंपनीच्या गेटवरच गोळी घेतो. मी तपासलेला माल आता परत येत नाही. शनिवारी मला कायम करायची चाचणी आहे.

मामींना नमस्कार.

आपला,
ललित

ता. क. गोळ्यांची पट्टी खोलीत सापडत नाही. डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देत नाही आणि डॉक्टरीणबाई सोमवारपर्यंत गावाला गेल्या आहेत.

आणखी एक. काल मामींचा फोन आला होता. "तुझे मामा सकाळधरून मिरच्या निवडीत बसलेत, लांब येगळ्या, आखूड येगळ्या. बाजाराला गेले नाय, जेवाया उठत नाय. लय गुणाचे झालेत." मी कुणावर आळ घेत नाही. पण बीपीवाल्याने ही गोळी घेऊ नये. पुन्हा घेऊ नका आणि आजच दवाखान्यात बीपी दाखवा, काय घेतलं तेही सांगा. पट्टी शुक्रवारी हरसूलहून नाशिकला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्या.

मेथीच्या जुडीत घालून मात्र पाठवू नका. गोळी न घेता एवढी मेथी माझ्याने निवडून होणार नाही.