पिशवीसाठी पांढरं मांजरपाट

वर्तकनगर, ठाणे
८ फेब्रुवारी १९८८

चि. मालूस, मनुमावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या मसाल्याला घाम येतो, आणि रिकाम्या पिशव्या नाल्यात तरंगतात. म्हणून यंदा कापडी पिशव्या. माजिवड्याचा दुकानदार पन्नास ठेवायला कबूल झालाय. पांढरं मांजरपाट पाठवतेय. मसाला संपला की बाईने पिशवी धुऊन तिच्यात चक्का टांगावा, मटकी बांधावी.

कॉन्व्हेंटात सिस्टरने शिकवलेली दुहेरी शिलाई मी तुला शिकवली, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. जीभ बाहेर काढून शिवायचीस. अजून निघते का गं? एक नमुना शिवून धाड. कारखाना बंद पडल्यापासून महिपतराव घरीच असतात ना? मशीनच्या खडखडाटाने नवऱ्याची झोप मोडू नकोस हो!

तुझी मनुमावशी


डोंबिवली
१६ फेब्रुवारी

ती. मनुमावशीस शि. सा. न. वि. वि.

नमुना पाठवला आहे. जीभ अजून निघते. पण पांढरं नको गं, त्यावर सगळं दिसतं. गडद मरून घेऊ या. माझा डावा हात बांधलेला आहे, दारात बोट सापडलं. यांची तब्येत ठीक. पुढचं पत्र शेजारच्या रंगूबाईंच्या पत्त्यावर लिही. लोभ कमी करू नकोस.

तुझी मालू


ठाणे
२२ फेब्रुवारी

मालू, आज आशीर्वाद शेवटी.

खळ जावी म्हणून नमुना उकळत्या पाण्यात बुडवला. आतल्या शिलाईवरचा डाग तपकिरी होऊन पक्का बसला. हळद असती तर उन्हात उडाली असती. गरम पाण्यात काय बसतं, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आणि दारात सापडलेलं बोट शिलाईच्या ओळीवर रक्त सांडत नाही.

खरं लिही. मरून कापड मी घेणार नाही. त्याचा रंग चक्क्याला लागेल, आणि तुझं रक्त मला दिसणार नाही.

अनेक आशीर्वाद.
मनुमावशी


डोंबिवली
१ मार्च

ती. मावशीस नमस्कार.

रंगूबाईंच्या घरून लिहिते आहे. तू ओळखलंस ते खरं. शिवता शिवता त्याचा चहा करायला उठले नाही, म्हणून महिपतने माझं बोट सुईखाली धरलं आणि स्वतः पायडल मारलं. सुई नखातून आरपार गेली. दोनदा.

काल त्याने माझा उजवा हात सुईकडे ओढला. मी डाव्या हाताने कात्री उचलली आणि त्याच्या दंडात रोवली. तो ओरडला, अगदी माझ्यासारखाच ओरडला. मग मशीनचं झाकण माझ्या कपाळावर हाणलं. कापडाचा गठ्ठा उराशी धरून मी इथे पळाले. रंगूबाईंनी कडी घातली. तो दारावर लाथा मारत होता, शेवटी चाळीतल्या माणसांनी त्याला दवाखान्यात नेलं. दाराची एक फळी फुटली आहे.

कापडावर दोघांचंही रक्त होतं. बादलीभर गार पाण्यात भिजत टाकलं. सकाळी पिळून वाळत घातलं. डाग नाही.

गुरुवारी येते आहे, कायमची. मशीन मागून आणू. पिशव्या पांढऱ्याच शिवायच्या.

लोभ तिथेच राखून ठेव, घ्यायला मी येते.

तुझी मालू