मानेवरचा पदर

अक्का, आज सकाळी मळ्यातून केळीची पानं आली. नातवाचं बारसं आहे, पंगतीला हवी होती. पुसायला घेतली आणि हात थांबला. ओल्या पानाचा तो तुरट वास आला की मला पंगत आठवत नाही, जळगावचा जळीत वॉर्ड आठवतो, आणि पान पुसणारा तुमचा हात.

सुरतेत प्लेग आला ते वर्ष. यावलजवळच्या आपल्या घरी पंप मारता मारता स्टोव्ह भडकला आणि माझी मान, छाती, उजवा हात भाजला. तुम्ही ओट्यावर शेंगा सोलत होतात. गोधडी घेऊन धावलात, तुमचेही तळवे पोळले, पण ते कोण बघतो? नवी सून, भडकलेला स्टोव्ह आणि घरात सासू, लोकांना तेवढं पुरे होतं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं तुम्हाला बाहेर काढलं आणि मला म्हणाला, "घाबरू नको, खरं सांग." मी खरं तेच सांगितलं, स्टोव्ह भडकला. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या बहिणीला म्हणाली, "धाकात हाये बिचारी." तुम्ही दारात उभ्या होतात, सगळं ऐकलंत आणि माझ्या उशाशी येऊन बसलात.

मग सुरतेहून गाड्या भरभरून माणसं उतरू लागली आणि जळगावानं तोंडाला रुमाल बांधला. निम्म्या सिस्टर प्लेगसाठी वेगळ्या काढलेल्या वॉर्डाकडे गेल्या. रोजचं ड्रेसिंग एक दिवसाआड झालं, मग होईल तेव्हा. गॉज पुरत नाही. चादर जखमेला चिकटते आणि ती सोडवताना मी गुरासारखी ओरडते. सिस्टर म्हणते, "तुमच्याकडे केळी आहेत ना? कोवळी पानं आणा." तुमचा मुलगा पहाटेच्या एसटीनं पानं आणतो, तुम्ही ती उकळलेल्या पाण्यानं पुसून माझ्या मानेखाली, हाताखाली अंथरता. नातेवाइकांनी घरी जावं असं सांगितलं तेव्हा वॉर्ड भराभर रिकामा झाला, त्या शेजारणीची बहीणसुद्धा गेली. तुम्ही माझ्या खाटेखाली पथारी टाकलीत. "मी नाही जात. इले पानी कोन पाजीन?"

माझे आईबाप मूळ धुळ्याकडचे, सुरतेला मागावर कामाला. बातमी कळताच आले आणि फाटकातच अडवले गेले. सुरतेहून आलेल्या माणसाला उघड्या जखमांजवळ कोण सोडणार? बरोबरच होतं ते. पण खालून आई हाका मारत होती आणि मला उठता येत नव्हतं. त्यासारखं दुःख मी पुन्हा पाहिलं नाही. तुम्ही खाली गेलात. तुमच्याबद्दल तिच्याही कानावर आलेलंच होतं. गजांमधून ती तुम्हाला काय म्हणाली, ते तिनंच मला नंतर सांगितलं. "विहीणबाई, खरं काय ते देवले माहीत. मनी पोर आते तुमना हातमा शे." तुम्ही पोळलेले तळवे तिला दाखवले नाहीत. एवढंच म्हणालात, "घोर करू नका. ते माही बी पोर हाये." वर आलात, नाक ओढलंत आणि नवं पान पुसायला घेतलंत.

मी वाचले. प्लेग गेला, लोकांचे रुमाल सुटले, तोंडं मोकळी झाली. लग्नकार्यात बाया आधी माझ्या मानेकडे बघायच्या, मग तुमच्याकडे. स्टोव्ह होता हो, असं जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटायचं. हळूहळू तुम्ही मागच्या रांगेत बसायला लागलात आणि पुढे तर जाणंच सोडलंत. तुमची तिरडी उचलली त्या दिवशीही दोघी जणी माझ्याकडे बघून पुटपुटल्या. इतका संताप आला की माझं रडूच आटलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. हे आता कोण वाचून दाखवणार, आणि टाकू तरी कुठे? डब्यात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं आहे. भर उन्हाळ्यातही मी पदर मानेभोवती गच्च लपेटायचे आणि तुम्ही चिडायचात, "उकडू राह्यलं ना वं, सोड तो पदर. जळ्याची काय लाज?" लाज नव्हती, अक्का. माझी मान दिसली की लोकांची नजर तुमच्याकडे वळायची, ती वळू नये म्हणून झाकत होते. आज बारशाला तुम्ही नाही, तरी पदर तसाच लपेटला आहे.