फियाटच्या नळीतला बोल्ट

निर्मळ, ५ ऑगस्ट

ती. सौ. सुरुचीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. बाबांनी आपली जुनी फियाट मला दिली तेव्हापासून तू माहेरी आली नाहीस. आता वाच आणि हस. गाडीखाली रोज तेलाचं थारोळं. तेल बघायची पट्टी आपोआप वर उचलली जाते. सातिवलीचा मिस्त्री म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल. सौ. संजना म्हणते, विकून टाका. विरारच्या एका हॉटेलवाल्याला ती दाराशी शोभेला हवी आहे. बाबा एवढंच म्हणाले, सुरुचीला विचार.

राग असला तरी लोभ असावा.
तुझा परेश

वसई, ९ ऑगस्ट

चि. परेश यास,
अ. उ. आ.

हसले. बरंही वाटलं. बाबांबरोबर कार्ब्युरेटर मी धुवायचे, तू क्रिकेट खेळायचास, आणि चावी तुझ्या हातात! फेसबुकवर त्या गाडीतले तुझे फोटो बघून माझा जळफळाट होतो. पण हॉटेलच्या दारात? ते मला बघवणार नाही.

इंजिन चालताना थोडा जळका वायू रिंगांच्या फटीतून खाली, तेलाच्या भागात उतरतोच. अगदी नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायला एक नळी एअर फिल्टरला जोडलेली असते. इंजिन हवा ओढतं, तेव्हा हा वायूही ओढून जाळून टाकतं. नळी बंद झाली की आत दाब साठतो आणि मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. आधी ती नळी बघ. इंजिन उघडू देऊ नकोस.

संजनाला आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या बेताचाच.
सुरुची

निर्मळ, १४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी हौसेनं चकचकीत फिल्टर बसवून घेतला होता, त्याला नळी जोडायला तोंडच नव्हतं. मिस्त्रीनं सरळ नळीत बोल्ट ठोकला होता! जुना फिल्टर परत लावला, नळी रॉकेलनं धुतली. आता खाली थेंब नाही.

बाबांना सांगितलं, तर जेवण संपेपर्यंत तुझंच कौतुक. सुरुचीला नुसत्या आवाजावरून इंजिन कळतं म्हणे. मी आपला शेजारी भात कालवत बसलो. ताई, चावी देताना ते मला एवढंच म्हणाले होते की सुरुचीच्या बिल्डिंगला पार्किंग नाही. म्हणजे गाडी मिळाली ती माझ्या अंगणाला. आता हेवा करायची पाळी माझी.

तरी लोभ आहेच.
परेश

वसई, १८ ऑगस्ट

चि. परेश यास,
अ. उ. आ.

पार्किंगचं मला कुणी बोललंच नव्हतं. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. शनिवारी येते, बाबांना तयार ठेव. किल्ल्यापर्यंत गाडी मी चालवणार, बाबा माझ्या शेजारी. तू मागे बस, आणि खुशाल जळ.

लोभ वाढला आहे, हे कळावे.
तुझी ताई