लतिकेची सवत

२७ नोव्हेंबर १९५५
आले एकदाची मुंबईला! बोटीत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं, त्यामुळे धक्क्यावर उतरताच पहिली आठवण देवाची नाही, जेवणाची झाली. कराचीतल्या आमच्या मराठी शाळेला कुलूप लागलं, मागोमाग बाबा गेले, आणि त्या गावात मला 'सरोजिनी' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. बाबांच्या जुन्या स्नेह्यांच्या पत्नी, राजलक्ष्मीकाकू, यांनी गिरगावातून "ये" असं कळवलं, म्हणून आले.

घर त्यांचं स्वतःचं आहे. खाली भाडेकरू, वर आम्ही. काकू, त्यांचा विधुर मुलगा शरदचंद्र (सॉलिसिटरच्या कचेरीत असतो, बोलतो मोजकं, जेवतो भरपूर) आणि कामाला लालबागहून येणारी बकुळा. माझा पाकिस्तानी पासपोर्ट काकूंनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, पाकिस्तानी बाई आमटीला फोडणी घालते का? मी घालून दाखवली. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं.

८ डिसेंबर
पोलीस कचेरीत हजेरी लावून आले. मराठी बोलणारी पाकिस्तानी पाहून साहेबाला गंमत वाटली, पण गमतीनं शिक्का मिळत नाही. जामीन हवा, पत्ता बदलला तर कळवायचं, ठाण्याला जायचं तरी कळवायचं. एवढ्या चौकशा सासूसुद्धा करत नसेल. काकूंनी जामीन म्हणून सही केली, तेव्हा कुठे जानेवारीच्या मध्यापर्यंत राहायची मुदत वाढली. दादरच्या एका शाळेत नोकरीचं विचारलं, तर म्हणाले, आधी कागद पक्के करून या.

परतताना काकूंनी पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच का तुझं कुणी नाही? पत्र नाही आलं तर काळजी करणारंही? मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मला रडूच आलं.

२ जानेवारी १९५६
काकूंनी शरदचंद्रासाठी मला विचारलं. त्याची बायको लतिका गेल्या वर्षी वारली. लग्न झालं की व्हिसाची कटकट मिटेल, म्हणाल्या. प्रेमबिम काही नाही, खोटं कशाला लिहू? पण दर मुदतीला परक्याच्या दारात उभं राहायची मला फार भीती वाटते. मला इथं राहायचं आहे, हक्कानं. मी हो म्हटलं.

संक्रांत झाली की लग्न. शरदचंद्राचं म्हणणं, आधी जुना व्हिसा रद्द करून मी परत गेले असं दाखवायचं, मग त्याची बायको म्हणून नवे कागद करायचे. कायद्यातलं त्याला कळतं. मी सही केली.

१० जानेवारी
पासपोर्टावर शिक्का मारून आणला त्यानं. सरकारच्या लेखी मी काल बोटीनं कराचीला गेले. प्रत्यक्षात तिळाचे लाडू वळत बसले होते. मी हसून हसून बेजार. बकुळा मात्र हसली नाही.

१५ जानेवारी
लग्न झालं, घरातच, चार माणसांत. मंगळसूत्रानंतर काकूंनी, आता सासूबाईंनी, माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. बिजवराच्या बायकोनं पहिलीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक घालायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, म्हणजे ती रुसत नाही आणि छळत नाही. रीतच आहे. काळ्या गोफात ओवलेला टाक छातीपर्यंत लोंबतो. एवढीशी सवत, वजनालाही हलकी! बांधताना सासूबाई टाकाला हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. देणं फिटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

१८ जानेवारी
मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात, असं परवा रेडिओवर सांगितलं आणि शहर पेटलं. परळ-लालबागला गोळीबार, सगळीकडे कर्फ्यू. बकुळा आलेली नाही.

टाक वर सरकला आहे. काल छातीवर होता, आज गळ्याच्या हाडाशी. सासूबाई म्हणाल्या, अंगानं भरलीस. कशावर भरले? या घरात आता आधी टाकाला जेवायला वाढतात आणि मग मला, उरलं तर. गोफ सोडायला गेले. गाठ सापडत नाही.

१९ जानेवारी
टाक गळ्याच्या खळगीत. कात्री लावली, कात्रीचं पातं मुडपलं.

जेवताना मायलेक दादरच्या मुलीबद्दल बोलत होते. घराणं चांगलं, बाप जागा देतोय, फाल्गुनात उरकून टाकू. मी समोर ताक वाढत होते. मी विचारलं, कुणाचं लग्न? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टाकाकडे पाहून म्हणाल्या, लतिका, आता उशीर नको गं.

२० जानेवारी
कर्फ्यू थोडा वेळ उठला तेव्हा बकुळा लालबागहून चालत आली. जिन्यातच मला धरलं आणि सगळं सांगितलं. लतिका तापानं फणफणत होती, डॉक्टर बोलावला नाही. ती जिवंत असतानाच दादरच्या मुलीची पत्रिका घरात आली होती. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. साडी कबूल केली, दागिने कबूल केले, तरी नाही. शेवटी सासूबाईंच्या तोंडून गेलं, तुझ्या जागी जी येईल ती तुझ्या हवाली करीन. कावळा झडप घालून आला.

दादरच्या मुलीला कसं हवाली करणार? तिचा बाप विचारील. म्हणून आधी एक सवत हवी होती, जिच्यामागे कुणी विचारणार नाही अशी.

बकुळा म्हणाली, "बाय, पळ गो. आत्ताच्या आत्ता पळ. ह्यांका दया नाय."

मी तशीच पळाले—चौकीवर. सगळं सांगितलं. हवालदारानं कचेरीत फोन केला आणि हसला. बाई, तुम्ही कराचीला गेलात. इथं नाही तुम्ही. मी गोफ दाखवला. त्याला वाटलं, दागिन्यावरून सासूशी भांडण. कर्फ्यूत बाईमाणसानं फिरू नये म्हणून स्वतः दारापर्यंत सोडून गेला. सासूबाईंनी त्याला चहा पाजला.

२१ जानेवारी
मायलेकांनी पासपोर्ट बंबात घातला. माझ्या डोळ्यांदेखत. बाबांचं नाव होतं त्यात— बकुळाला जिन्यातूनच हाकललं.

बाहेरून कडी आहे. खिडकीतून ओरडले. खाली मोर्चा चालला होता, माणसं मुंबई आमची म्हणून ओरडत होती, मीही— कुणी वर पाहिलं नाही.

गिळता येत नाही. पाणीसुद्धा

२२ जानेवारी, दुपार
मानेमागे बोटं आहेत. गार. गोफाला पीळ देतायत. सावकाश.

मी तिला म्हटलं, लतिका, मी तुझं काय केलं? माझंही कुणी नाही गं. बोटं थांबली. थांबली होती— मग दाराबाहेरून सासूबाईंनी आठवण करून दिली. ही सोडलीस तर दुसरी देणार नाही; फाल्गुनात दादरची येईलच, ती तुझ्या पलंगावर निजेल.

पुन्हा पीळ

शरदचंद्र बाहेर विचारतोय, झालं का

कुणी विचारलंच तर हे सांगतील, परत गेली. कागदही तेच सांगेल. मी गेले नाही. मी सरोजिनी. मी मुंबईत आहे, गिरगावात, ह्याच घरात, मी गेले नाही, मी इथंच