शून्यावर न येणारी सुई

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर मला घेतलं, हे तुम्हाला कोण सांगणार? कळमेश्वरचा तोच कारखाना, तपासणीचं तेच टेबल, तेच स्टूल. घरात आई आणि धाकटी भावंडं, पगार माझा एकटीचा, तोही कायम होईपर्यंत साहेबांच्या मर्जीवर. पहिल्या दिवशी स्टूल मला उंच पडलं. पाय लोंबकळत ठेवून मी बसले होते आणि सारखं वाटत होतं, आता मागून कोणीतरी म्हणेल, ऊठ.

काम तुम्हीच शिकवलेलं, तेही आपल्या स्वयंपाकघरात. जुन्या रेडिओतलं चुंबक घेऊन तुम्ही साधा खिळा घासता, मग कानस घासता. टाचण्या खिळ्याला जेमतेम लटकतात आणि गळून पडतात. कानशीला मात्र धरून राहतात. "पाहून राहिली ना वं? कडक लोखंड चुंबक सोडत नाही लवकर." आई परात उचलून घेते, पिठात टाचण्या पाडाल म्हणून. कारखान्यातलं यंत्र त्याचंच मोठं भावंड. डाव्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, तुम्ही निवडलेली नमुन्याची पिन, उजव्या कॉइलमध्ये भट्टीत तापवून, पाणी देऊन कडक केलेली एकेक पिन. दोघी सारख्या कडक असल्या की सुई शून्यावर. मऊ निघाली की सुई डावीकडे. पिना जायच्या खापरखेड्याला, वीजघरात कोळसा ओढणाऱ्या साखळीच्या कड्या जोडायला. त्या साखळीखाली माणसं उभी असतात, हे तुम्ही दर वेळी सांगायचात.

नवमीपासून सुटी घेऊन दसऱ्याला मी आईबरोबर दीक्षाभूमीवर गेले. परत कामावर आले आणि सुई शून्यावर येईना. पहिली पिन, डावीकडे. दुसरी, डावीकडे. अख्खी रास तशीच, आणि सगळ्या पिनांवर सुई अगदी एकाच जागी टेकायची, कोणी बोट लावून धरल्यासारखी. खड्डा पाडून कडकपणा मोजायच्या यंत्रावर दोन-चार पिना लावून बघितल्या, तर त्या पक्क्या कडक. पण खड्डा पडलेली पिन साखळीत जात नाही, मग साऱ्यांना कसं तपासणार? साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत माल निघाला नाही तर स्टुलावर दुसरं कोणी बसेल. सुईखालचा स्क्रू जरासा फिरवला असता तर सगळं शून्यावर आलं असतं. पण मऊ पिन निसटली तर? माझा हात गेला नाही.

कारखान्यात कुजबुज सुरू झाली. माझ्या टेबलाजवळून जाणारे अंग चोरून जाऊ लागले. ग्राइंडरवरचे काका, तुमच्याबरोबर डबा खाणारे, हळूच म्हणाले, "पोरी, तुहा बाप गेला नाही अजून. इथंच बसून आहे." तुम्ही असतात तर त्यांना झापलं असतंत. भूतबीत काही नसते, पयले त्याचं कारण पाहजो, हे तुमचं म्हणणं मला पाठ होतं. तरी भरदुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी सुईवर तोंड नेऊन विचारलं, "बाबा, तुम्ही आहात का?" सुई डावीकडेच होती. माझ्या मानेवर काटा आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

कारण शनिवारी सापडलं. नमुन्याची पिन पुसायला बाहेर काढली तर तिच्यावर लोखंडाचा बारीक कीस उभा राहिला होता, थंडीत हातावरची लव उभी राहते तसा. मी काकांना विचारलं, हिला कोणी हात लावला होता? ते ओशाळले. "खंडेनवमीले पुजेत ठेवली होती ना. तुह्या बाबाची आठवण म्हणून. मशीनीवर हळद-कुंकू, फूल, अन् हे पिन. घरंगळून पडन म्हणून ग्राइंडरच्या टेबलाचा चुंबक चालू केला." बस, एवढंच. पिनेत चुंबक शिरलं होतं, आणि ती कडक होती म्हणून धरून राहिली होती; तिच्यापुढे यंत्राला प्रत्येक पिन मऊ वाटत होती. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीवर कोण रागावणार?

चुंबक उतरवायच्या कॉइलमध्ये मी पिन धरली. बटण दाबल्यावर ती हातात थरथरू लागली, शेवटच्या तापात तुमचा हात थरथरायचा तशी. मग हात हळूहळू मागे घ्यायचा असतो, घाई करायची नसते. वीतभर मागे, हातभर मागे, थरथर कमी होत गेली आणि थांबली. पिन परत डाव्या कॉइलमध्ये ठेवली, उजवीकडे रासेतली पहिली पिन लावली. सुई शून्यावर. माल सोमवारी गेला, पुढे मी कायम झाले, धाकट्यांची शिक्षणं झाली.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही, आणि टाकायचं तरी कुठे? पण त्या शनिवारी सगळे पाठीवर थाप देत असताना मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. सगळ्यांना वाटलं, नोकरी वाचली म्हणून. मला कारण नको होतं, बाबा.